डाव्या भोंग्याचं इंजिन

लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत माझ्या बायकोचे एकूण एकोणतीस फोटो निघाले, आणि त्या प्रत्येक फोटोत तिच्या शेजारी रेल्वेचं इंजिन आहे. सासरे एकदा मुक्कामाला आले, तेव्हा त्यांनी हौसेनं अल्बम मागितला. शेवटच्या पानापर्यंत बघून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि लेकीला विचारलं, "समदं ब्येस हाय. पर जावई कुठं हायेत यात?"

जावई कॅमेऱ्यामागं होते. आणि फोटो बायकोचे नव्हतेच, ते इंजिनाचे होते. बायको मोजपट्टी म्हणून उभी होती. हे तिनं वडिलांना सांगितलं नाही. "त्यांना फोटो काढायची लई हौस," एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

मी तेव्हा आमच्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होतो. वडिलांनी बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडली आणि मला मात्र आयटीआयला घालून ड्राफ्ट्समन केलं. पोरगं बसून, सावलीत, कागदावर रेघा मारतं याचं त्यांना इतकं कौतुक होतं, की वस्तीवर कुणी भेटलं की जयभीम झाल्याबरोबर पुढचं वाक्य माझ्या टेबलाबद्दल असायचं.

मी म्हणतो त्या वर्षी पुन्हा पाऊस रुसला होता. ऊस उभ्या जागी वाळला, गाळप दिवाळीनंतर जेमतेम अडीच महिने चाललं आणि कारखान्याची चिमणी गार झाली. ड्रॉइंग ऑफिसात काम उरलं नाही. माझ्याकडं टी-स्क्वेअर होता, ट्रेसिंग पेपर होता, आणि दिवसभराचा वेळ होता.

आमच्या भागातली गाडी म्हणजे छोटी गाडी, अडीच फुटी रुळांवरची. बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि रोज सकाळी याच गाडीनं दोन स्टेशनं पुढं जायची. इतकी वर्षं गाडीला वाफेचं इंजिन होतं. ते येडशीला पाणी प्यायचं, आणि उन्हाळ्यात आमच्या स्टेशनावर बायका कळश्या घेऊन त्याची वाट बघायच्या; ड्रायव्हर दयाळू असला तर दोन-चार कळश्या भरून द्यायचा. एक दिवस त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. बायका कळश्या घेऊन पुढं झाल्या, तर ड्रायव्हर वरून म्हणाला, "इसमें पानी नै, अम्मा. ये पानी पीताच नै."

एक म्हातारी त्या इंजिनाकडं बराच वेळ बघत राहिली. मग रिकामी कळशी काखेत मारत म्हणाली, "पीत न्हाय? मंग ऱ्हाईल बाबा आपल्या मुलखात."

मला ते इंजिन बघताक्षणी आवडलं. वाफेच्या इंजिनाला जिकडंतिकडं नळ्या आणि दांडे. काढायला बसलो तर जन्म जायचा. हे म्हणजे सरळ पत्र्याच्या पेट्या. पुढं लांब नाक, मागं केबिन, केबिनीमागं आणखी एक आखूड नाक. टी-स्क्वेअर आणि गुण्यानं काढता यावं असं. मी ठरवलं, याची हुबेहूब छोटी प्रतिकृती करायची. फुटाला अर्धा इंच हे प्रमाण. वनस्पती तुपाच्या डब्यांचा पत्रा, सागाची फळी आणि कारखान्यातल्या टर्नरकडून लेथवर कातून घेतलेली पितळी चाकं. पंधरा दिवसांत होईल, असं मी बायकोला सांगितलं. अडीच वर्षं लागली.

पहिला सांगाडा तीन आठवड्यांत उभा राहिला. तो पिशवीत घालून मी स्टेशनवर गेलो आणि गाडी थांबल्यावर ड्रायव्हरचाचांना दाखवला. ते कुर्डुवाडीकडचे. वाफेच्या इंजिनावर कोळसा मारण्यापासून चढत चढत इथवर आलेले, पिकलेल्या दाढीचे गृहस्थ. त्यांनी सांगाडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"अच्छा है. पर ये कौनसा इंजन है?"

"हेच की, चाचा. तुमचंच."

"नै. हमारे का भोंगा उस बाजू है. देखो."

मी वर बघितलं. भोंगा डावीकडं होता. मी उजवीकडं बसवला होता, आणि मला शंभर टक्के आठवत होतं, की पहिल्या दिवशी मी तो उजवीकडंच बघितला होता. घरी येऊन मी पत्रा उसवला, भोंगा डावीकडं झाळला. दोन दिवसांनी पुन्हा गेलो, तर भोंगा उजवीकडं! मी रुळाच्या कडेला तसाच उभा राहिलो. बायको डब्याच्या खिडकीतून म्हणाली, "अहो, ते इंजिन वेगळं हाय. परवाच्याला दिव्यावर भुवई व्हती. याला न्हाय."

खरंच होतं. परवाच्या इंजिनाच्या दिव्यावर पत्र्याची छोटी पडवी होती, भुवईसारखी. याचा दिवा उघडा. मी रोज बघत होतो, पण एकच इंजिन बघतोय असं समजून बघत होतो. ती वर्गात चाळीस पोरांची हजेरी तोंडं बघून घ्यायची. तिला एकसारख्या दिसणाऱ्या गोष्टींतला फरक पहिल्या झटक्यात कळायचा.

मी चाचांना विचारलं, "सगळी इंजिनं एकाच कारखान्यातून आलीत, मग सारखी का नाहीत?"

"आयीं तब सब सरीखी थीं," चाचा म्हणाले. "फिर शेडमें गयीं. शेडका फिटर उप्पर चढा, उसका हात जहाँतक पोचा वहाँ उसने भोंगा लगाया. दूसरा फिटर लंबा था."

त्या दिवसापासून वही सुरू झाली. एका बाजूला इंजिनं, दुसऱ्या बाजूला फरक. पत्र्याच्या झडपा किती, कठड्याचे दांडे किती, रुळावर सोडायच्या वाळूच्या पेटीचं झाकण गोल की चौकोनी, पायऱ्या तीन की चार. नंबर माझ्या लक्षात राहायचे नाहीत, म्हणून बायकोनं नावं ठेवली: डाव्या भोंग्याचं, बिनभुवईचं, आणि एक होतं ते ठिगळाचं, त्याच्या नाकाला डावीकडं चौकोनी ठिगळ मारलेलं होतं. डाव्या भोंग्याच्या इंजिनाची खालची पायरीही वाकडी होती. कुठंतरी दगडाला घासलेली.

गाडी आमच्या स्टेशनात पाच-सात मिनिटं थांबायची. तेवढ्यात शिंप्याची टेप घेऊन इंजिन मोजणं जमेना. शिवाय वरचं काही हाताला लागत नव्हतं. तेव्हा मला फोटोची युक्ती सुचली. चुलतभावाकडून कॅमेरा आणला. इंजिनाशेजारी माहीत असलेल्या उंचीचं काहीतरी उभं करायचं, फोटोत ते मोजायचं आणि त्यावरून बाकीचं काढायचं. माहीत असलेल्या उंचीची बायको रोज तिथं होतीच. पाच फुटांना एक इंच कमी. मी दाराच्या चौकटीला उभी करून, डोक्यावर गुण्या धरून मोजली होती.

"पाठ इंजिनाला लावून सरळ उभी राहा. हनुवटी खाली. हसू नको."

"हसले तर उंची बदलती का?"

"मान हलते."

गाडीतली माणसं खिडकीतून बघायची. काहींना वाटायचं नवीन लग्न झालंय, काहींना वाटायचं सिनेमात घेणारेत. एकानं तर डब्यातून ओरडून सांगितलं, "ताई, पदर नीट घ्या." तिनं पदर नीट घेतला, तर झडपांच्या दोन ओळी झाकल्या गेल्या. फोटो वाया गेला.

पण खरा घोटाळा पुढं झाला. श्रावणात काढलेल्या फोटोंवरून मी हिशेब मांडला, तर बिनभुवईच्या इंजिनाची केबिन बाकीच्यांपेक्षा पूर्ण तीन इंच ठेंगणी निघाली. मी हुरळून गेलो. भोंगा फिटर हलवू शकतो, पण केबिन तीन इंच बुटकी करणं म्हणजे फार मोठी गोष्ट. मी आठवडाभर आकडे पुन्हा पुन्हा तपासले. वहीत लाल शाईनं चौकट केली. शेवटी बायकोसमोर फोटो ठेवून तिला समजावून सांगायला बसलो.

तिनं फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. "ह्यात माझ्या नव्या सँडल हायेत. उमरग्याच्या बाजारातून भावानं आणल्या व्हत्या त्या."

"मग?"

"टाचा उंच हायेत त्यांच्या."

मी सँडल आणून टाच मोजली. दीड इंच. बायको दीड इंच वाढली, मी तिला जुन्याच उंचीची धरली, आणि तिच्या दुप्पट उंचीचं इंजिन बिचारं बसल्या जागी तीन इंच खुजं झालं. लाल चौकट खोडताना मला जेवढं वाईट वाटलं, तेवढं पुढं कारखान्यात बदली झाली तेव्हाही वाटलं नाही. त्यानंतर स्टेशनवर फोटोच्या दिवशी ती चप्पल काढून अनवाणी उभी राहायची आणि लोकांना वाटायचं, आमच्यात काही नवस-बिवस आहे.

याच सुमारास आमच्या स्टेशनला नवे मास्तर बदलून आले. त्यांनी पहिल्या आठवड्यात बघितलं, की एक माणूस रोज येतो, तिकीट काढत नाही, गाडीत बसत नाही, इंजिनाभोवती फिरतो आणि वहीत टिपतो. त्यांनी मला ऑफिसात बोलावून खुर्ची दिली. चहा मागवला. मला वाटलं, माणूस सज्जन आहे.

"कसं काय, सगळं व्यवस्थित आहे ना?" त्यांनी विचारलं.

"फरक खूप आहेत," मी म्हणालो. "एकासारखं एक नाही."

त्यांचा चेहरा पडला. मला कारण कळलं नाही. त्यानंतर रोज चहा यायला लागला, तोही बशीत बिस्किटं ठेवून. मास्तर इस्त्रीचा गणवेश घालून फलाटावर उभे असायचे. फलाटावरची शेळी नाहीशी झाली. मी बायकोला म्हणालो, "स्टेशन सुधारलं हं." ती बिस्किटांकडंच बघत राहिली. शंका तिला तेव्हाच आली होती, असं तिनं नंतर सांगितलं.

आणि एका सोमवारी डाव्या भोंग्याचं इंजिन आलं ते नखशिखांत रंगवलेलं. दिव्याला नवी काच. कठड्याला अडकवलेली चाचांची बादली गेलेली, बादलीचा आकडासुद्धा कापून टाकलेला. आणि खालची पायरी सरळ. मी धावतच गेलो.

"ही पायरी कुणी सरळ केली?"

मास्तर मागोमाग आले होते. "साहेब, परवाच. शेडला मीच कळवलं. तुमच्या सूचनेप्रमाणे."

"मी कुठं सूचना केली?"

"तुम्ही वहीत लिहिलं होतं की! 'पायरी वाकडी.' मी खिडकीतून वाचलं."

"अहो, वाकडीच पाहिजे होती मला!"

मास्तरांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू वरच्या ऑफिसातले लोक नेमके कसे असतात हे त्यांना आज समजलं. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "साहेब, आपण नक्की कुठल्या खात्याचे?"

मला सांगावंच लागलं. साखर कारखाना, ड्रॉइंग ऑफिस, आणि हे सगळं एका खेळण्यासाठी. 'प्रतिकृती' हा शब्द मी दोनदा वापरून बघितला, पण त्यांच्या कानात 'खेळणं' एवढंच गेलं. वर केबिनमध्ये चाचा तोंडाला फडकं लावून हसत होते.

"तीन महिने," मास्तर म्हणाले, "तीन महिने मी रोज दाढी करून येतोय!"

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बायको त्यांच्यासाठी घरून शेंगापोळी घेऊन गेली आणि त्यांना वही उघडून दाखवली. त्यांनी सगळी पानं वाचली. शेवटी म्हणाले, "ठिगळाच्या इंजिनाला वाळूची पेटी तुम्ही एकच दाखवलीय. पलीकडून दुसरी आहे." मग आम्ही तिघं मिळून पलीकडच्या बाजूनं बघायला गेलो. होती.

पायरीचा प्रश्न उरला. आता ती खऱ्या इंजिनावर सरळ होती. प्रतिकृतीत काय करायचं? मी दोन दिवस डोकं धरून बसलो. बायको म्हणाली, "आपण गेलो नसतो तर वाकडीच ऱ्हायली असती. वाकडी करा." केली.

तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात प्रतिकृती पूर्ण झाली. पत्र्याच्या मागून ग्रामोफोनच्या सुईनं दाबून उठवलेले रिव्हेट, सगळ्या झडपा, भुवई, डावा भोंगा. शेवटची चाकं बसवायला मी ती टर्नरकडं घेऊन गेलो होतो, तिथं चेअरमनसाहेबांची फेरी झाली. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि जाहीर केलं, की वार्षिक सर्वसाधारण सभेत ही मांडायची. मला फार धन्य वाटलं. सभेत त्या वर्षी कारखान्यानं टाकलेल्या पाइपलाइनच्या पाण्यावरून बोंबाबोंब होणार, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. पण हे दोन धागे मी एकत्र जोडले नाहीत.

सभेच्या मंडपात स्टेजच्या शेजारीच टेबल, त्यावर पांढरं कापड, त्यावर इंजिन, आणि पाटी: 'सभासदांनी अवश्य पाहावे.' सभासदांनी पाहिलं. ढोकीकडचे म्हणाले भोंगा उजवीकडं पाहिजे. येडशीकडचे म्हणाले डावीकडंच. दोघांची खडाजंगी जुंपली. एकजण म्हणाला याला ठिगळ कुठाय, दुसरा त्याला म्हणाला ठिगळाचं संध्याकाळी असतंय. अर्धा मंडप टेबलाभोवती. तिकडं स्टेजवर चेअरमनसाहेब माइकमध्ये विषय वाचत होते, "मंजूर?" विचारत होते, आणि पहिल्या रांगेतले त्यांचे चार पाहुणे "मंजूर!" म्हणत होते. अहवाल मंजूर. नोकरभरती मंजूर. मी टेबलाशेजारी ताठ उभा राहून झडपा समजावून सांगत होतो.

तेवढ्यात एक म्हातारे शेतकरी गर्दीतून पुढं आले. उंच, काळे, डोक्याला मळका पटका. त्यांनी खाली वाकून इंजिन एका बाजूनं बघितलं, मग दुसऱ्या. "भोंगा बरोबर हाय," ते म्हणाले, आणि वाद तिथंच मिटला. "माज्या बांधावरनं जातंय रोज. पायरी बी वाकडीच व्हती. कुणी केलं ह्ये?"

"म्या," मी म्हणालो. त्यांच्यासमोर तोंडातून तेच आलं.

"अंदाजानं का मोजून?"

"मोजून. कागद आहेत सगळ्याचे."

त्यांनी मान हलवली आणि सरळ स्टेजकडं वळले. "चेअरमनसाहेब, थांबा वाईच. इंजिन बघून झालं. आता पाइपलाइन बघू."

"तो विषय झाला, तात्या. मंजूर झाला."

"झाला आसंल. आमी इंजिन बघत व्हतो. पाइपलाइन बंधाऱ्यावरनं निघून आमच्या तिन्ही वस्त्यांला यायची व्हती. आली न्हाय. कुठं गेली?"

"मध्ये खडक लागला. वळवावी लागली."

"कुठं वळली?" आणि ते मागं वळून माझ्याकडं बोट दाखवत म्हणाले, "ह्यो पोरगा मोजून काढतोय समदं. पाइपलाइनचा नक्शा कुणी काढला, बाबा?"

मीच काढला होता. सगळा मंडप माझ्याकडं बघत होता. चेअरमनसाहेबही बघत होते, आणि त्यांच्या बघण्याचा अर्थ मला नीट कळत होता. शिक्षिकांना सभेशी काही देणंघेणं नव्हतं, पण बायको इंजिनापायी आलेली होती, आणि मंडपाच्या कडेला उभी होती. तिच्याकडं बघितलं तर ती माझ्याकडं फोटोच्या वेळी मी तिच्याकडं बघायचो तशी बघत होती: सरळ उभा राहा, हनुवटी हलवू नको.

"नक्शा ऑफिसात आहे," मी म्हणालो. "आणतो."

आणला. टेबलावर इंजिनाशेजारी पसरला. म्हाताऱ्यांनी बंधाऱ्यापासून बोट ठेवलं आणि रेघेवरून सरकवत नेलं. एका जागी रेघ काटकोनात वळत होती.

"हितं खडक?"

"हितंच," स्टेजवरून आवाज आला.

"ह्ये तर माजं रान हाय. हितं मी विहीर खांदली. पन्नास फुटावर बी खडक लागला न्हाय, पाणी बी लागलं न्हाय. आन् वळून गेली कुठं?" बोट पुढं सरकलं. "ह्या मोसंबीच्या बागेत. ही बाग कुणाची, सांगू का तुमीच सांगता?"

बाग चेअरमनसाहेबांच्या मेव्हण्याची होती. ते कुणालाच सांगावं लागलं नाही. मंडपात एकदम इतका गलका झाला, की माइकची शिट्टीसुद्धा ऐकू येईना. सगळे विषय पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागले. सभा दिवस मावळेपर्यंत चालली. समिती नेमली गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या तीन वस्त्यांना एक तोटी आली. रोज पाणी यायचं असं नाही, पण यायचं.

माझी बदली महिन्याभरात वजनकाट्यावर झाली. ऊसगाड्यांच्या रांगेत, उन्हात, बैलांच्या शेपट्यांचे फटकारे खात. वडिलांना टेबल गेल्याचं दुःख झालं, पण म्हातारे तात्या स्वतः वस्तीवर येऊन त्यांना भेटून गेले, तेव्हापासून ते माझ्या टेबलाऐवजी माझ्या नक्शाबद्दल सांगायला लागले.

त्यानंतर एका रविवारी चाचा आणि मास्तर आमच्या घरी जेवायला आले. इंजिन फडताळात बुद्धमूर्तीच्या खालच्या कप्प्यात ठेवलं होतं. चाचांनी ते बाहेर काढून मांडीवर घेतलं. केबिनीच्या खिडकीतून आत डोकावले. आत मी त्यांची बसायची फळी, ब्रेकची मूठ, सगळं केलं होतं. त्यांनी बोट आत घालून फळीवरून फिरवलं आणि ते बोट निरखून बघितलं.

"काही चुकलंय का?" मी विचारलं.

"सब बराबर है," ते म्हणाले. "बस, इतना साफ इंजन मैंने कभी चलाया नै."

बायको उठून चुलीपाशी गेली आणि तव्यामागची काजळी वाटीत खरवडून, त्यात दोन थेंब गोडेतेल टाकून घेऊन आली. चाचांनी करंगळी बुडवली आणि झडपांच्या खाली तेलाचा एक ओघळ काढला. मग पायरीजवळ एक डाग, धुराच्या नळीमागं एक पट्टा. मास्तर शेजारून सांगत होते, "इथं कमी, चाचा, इथं कमी," आणि चाचा त्यांच्याकडं न बघता म्हणत होते, "तुम फलाट सांभालो, मास्टर." ताटं वाढून तयार होती, भाकरी गार होत होती, आणि बायको चाचांच्या खांद्यावरून वाकून विचारत होती, "तेल ह्या अंगानं का गळतं? त्या दुसऱ्याचं तर पलीकडनं गळत व्हतं न्हवं?"